सगुणबाबांची वाकडी शिवण

धारगळला हायवेच्या कडेला, काजूच्या दोन झाडांमागे पत्र्याची एक शेड आहे. तिथे सगुणबाब गाड्यांच्या सीटा शिवतात. शेडीला पाटी नाही. का नाही, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "जेका सीट शिवची आसा तो सोदून येतलो. जेका पाटी वाचची आसा, तेणें वाचनालयांत वचचें." मी डिचोलीच्या एका हायस्कुलात मराठी शिकवते, तेव्हा टोला कोणाला होता हे कळायला मला वेळ लागला नाही.

त्यांच्याकडे मी पहिल्यांदा गेले ती मामाची गाडी घेऊन. पोर्तुगीज अमदानीत बोटीने आलेली काळी मॉरिस. मामाने ती आयुष्यभर जपली, आणि त्याचे मुलगे परदेशात, म्हणून जाताना माझ्या गळ्यात घातली. इंजिन अजून ठणठणीत होतं, पण चालवणाऱ्याच्या सीटवरचं तांबडं चामडं जागोजाग तडकलं होतं आणि भेगांतून काथ्या डोकावत होता. पणजीच्या एका दुकानदाराने सल्ला दिला होता की हे सगळं काढून टाका आणि वर रेक्झिन चढवा. मग कोणीतरी सगुणबाबांचं नाव सांगितलं.

शेडीतून खाकी अर्धी पँट आणि सदरा घातलेला एक किडकिडीत माणूस बाहेर आला. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दार उघडलं, सीटवर तळवा ठेवला, वाकून वास घेतला आणि विचारलं, "खोबरेल?"

मी म्हटलं, "हो, मामा दर शनिवारी लावायचा."

"केसांक लावपाचें तेल सीटीक! मगे मुंगयो येतल्यो ना तर कितें?"

मुंग्यांची एक रांग खरोखरच सीटच्या कडेने चालली होती. आमच्याकडे तान्ह्या बाळाच्या टाळूपासून दाराच्या बिजागरीपर्यंत सगळ्यालाच खोबरेल लागतं. चामडं त्याने मऊ होतं, असा प्रत्येकाचा ठाम समज. पावसाळा आला की त्याच तेलावर बुरशी धरते, आणि मग माणसं ती बुरशी पुसायला परत खोबरेलच घेतात. आपलं निम्मं काम माडांच्या कृपेने चालतं, असं सगुणबाब म्हणत.

मग त्यांनी सीटवरून हात फिरवत फिरवत माझ्या मामाचं चरित्र सांगितलं. "उजवे वटेन कलंडून बसतालो. डाव्या कमराक दुखणें आशिल्लें तेका." मी थक्क झाले. मामाला कमरेचा त्रास होता आणि तो त्याने डॉक्टरपासूनही लपवला होता. "पाकीट मागल्या खिशांत. आनी…" बाजूच्या सीटकडे बोट दाखवत ते म्हणाले, "चिक्कू आशिल्लो. ही सीट नवी कोरी आसा. कोणाक बसोवन व्हरूंक ना."

मामाबद्दल हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं, पण उघडपणे कधी कुणी बोललं नव्हतं. या माणसाने गाडीचं दार उघडून दोन मिनिटांत सांगून टाकलं. मला हसू आवरेना.

माप घ्यायची त्यांची पद्धत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. गाडीचं माप ते नंतर घेत, आधी माणसाचं. मला त्यांनी गाडीत बसवलं, स्वतः स्टुलावर बसले आणि उंडो, म्हणजे कडक गोल पाव, चहात बुडवून खाऊ लागले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी विचारलं, "झालं का?"

"ना. तू अजून बसूंकच ना. फोटोक बसल्यावरी बसल्या. सवयीन बस."

आता सवयीने बसा म्हटल्यावर कोणाला सवयीने बसता येतं? मी आणखीच ताठ झाले. सगुणबाबांनी दुसरा उंडो घेतला. शेवटी मी कंटाळले, शाळेतल्या पेपरांचा गठ्ठा काढला आणि तपासत बसले. तिसऱ्या पेपरावर त्यांचा आवाज आला, "हां! आतां बसली." बघते तर मी डावा खांदा पाडून, मान पुढे काढून बसले होते. त्यांनी उठून माझ्या पाठीमागे मुठीने काथ्या दाबून बघितला आणि खडूने एक खूण केली. त्या खुणेवर शिवलेल्या सीटवर मी गेली कित्येक वर्षं बसते आहे, आणि स्टाफरूममधल्या बाकी सगळ्या टीचर पाठदुखीने कण्हत असताना मी गप्प राहून ऐकून घेते.

रेक्झिनला ते चामड्याचा फोटो म्हणत. कोणी रेक्झिन मागितलं तर नाही म्हणत नसत, शिवून देत. पण ते शिवताना त्यांचा चेहरा लग्नात दुसऱ्याची पत्रावळ उचलायला लावल्यासारखा असे. चामडं आलं की मात्र माणूस बदले. दोऱ्याला मेण चोळताना ते गुणगुणत. मेणाचा गोळा कायम सदऱ्याच्या खिशात, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक सदऱ्याला काळजाच्या ठिकाणी एक पिवळा डाग होता. त्यावरून त्यांची सून सरिता कातावे. सरिताचा नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातले नऊ महिने समुद्रात. घरी ती गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवायची, आणि दुपारी शेडीत येऊन सीटांच्या कडेची पायपिंग शिवून द्यायची. तेवढंच. चामड्याला हात लावायची तिला परवानगी नव्हती. "ब्लाऊजाचो हात तो," सगुणबाब म्हणत, "चामडें तेका वळखूंचें ना."

पेडण्याच्या एका भटजींची आणि त्यांची गोष्ट आमच्या भागात बरीच प्रसिद्ध आहे. भटजींनी सेकंडहँड गाडी घेतली. स्वस्तात मिळाली, फक्त सीटा अस्सल चामड्याच्या निघाल्या. ते काढून कापड घाल, म्हणून ते सगुणबाबांकडे आले.

सगुणबाब चामडं चाचपून म्हणाले, "बरें आसा. हांव काडचों ना."

"अरे पूण सोवळ्यांत चामड्यार बसूं कसो?"

"तुमी जपाक कित्यार बसतात?"

"मृगाजिनार."

"आनी तें कितें, भाजी?"

भटजींनी आपल्या आसनापुरती घोंगडीची घडी घातली आणि चामड्याच्या सीटांसकट गाडी घेऊन गेले. पण हा पराभव ते विसरले नव्हते, हे पुढे सगळ्यांनाच कळलं.

एका गोष्टीत सगुणबाबांशी वाद घालण्यात अर्थ नसे, ती म्हणजे शिवण. शिवण झाली की ते डोळे मिटून तिच्यावरून अंगठा फिरवत. टाका कुठे गुंजभर सरकला असला तर अंगठा थांबे, आणि मग चामडं कापायच्या रापीने सगळी ओळ उसवून काढत. वाळपईच्या रामनाथशेटांच्या गाडीची हकीकत मी तिथे हजर असताना घडली. शेटांच्या मुलाचं दुसऱ्या दिवशी लग्न होतं. वरातीची गाडी न्यायला ते स्वतः आले होते आणि खिशातून किल्लीसुद्धा काढली होती. सगुणबाबांचा अंगठा मागच्या सीटच्या खालच्या बाजूला थांबला, जिथे नवऱ्याचं काय, कुत्र्याचंसुद्धा लक्ष गेलं नसतं.

"उसवतां," ते म्हणाले.

शेट ओरडले, हात जोडले, माझ्याकडे वळून म्हणाले, "टीचर, तुमी तरी सांगा!" मी सांगून बघितलं. सगुणबाब उसवत उसवत म्हणाले, "लग्न फाल्यां सोंपता. सीट पंदरा वर्सां वता." नवरा मुलगा पिकअपमधून बोहल्यावर गेला. सगुणबाब लग्नाला जाऊन व्यवस्थित जेवून आले. शेटांनी पंगतीत आपल्याला दुसऱ्यांदा जिलबी वाढली नाही, एवढीच त्यांची तक्रार होती.

असा माणूस. आणि याच माणसाशी आम्ही सगळे वर्षभर खोटं बोललो.

झालं असं. मॉरिसची मागची सीट फाटली म्हणून मी गाडी परत त्यांच्याकडे टाकली. आठ दिवसांनी आणायला गेले तर पाठीवरची मधली शिवण वरून सरळ निघून खाली डावीकडे उतरत गेली होती. पहिलीच्या मुलाची आखणी नसलेल्या कागदावर ओळ उतरते, तशी. मला आधी वाटलं, उजेडाने तसं दिसतंय. वाकून पाहिलं. वाकडीच होती. सगुणबाब शेजारी उभे होते, तोंड थोडं बाजूला वळवून, जसे ते हल्ली बघत. "कशी जाल्या?" त्यांनी विचारलं. असं ते पूर्वी कधी विचारत नसत.

मी वर पाहिलं. त्यांच्या मागे शिलाई मशीनवर सरिता होती. तिने फक्त मान हलवली, नको म्हणून.

"उत्तम," मी म्हटलं.

तीस वर्षं मी मुलांच्या वह्यांत लाल शाईने चुका काढत आले. एका वेलांटीलाही कधी सूट दिली नाही. आणि एका वाकड्या शिवणीसमोर माझी बोबडी वळली. आमच्याकडे याला भीड म्हणतात. मोठ्या माणसाला तोंडावर वाईट सांगायचं नाही. मामाच्या चिक्कूपणाबद्दल त्याला कधी कोणी बोललं नाही, आणि सगुणबाबांना त्यांच्या डोळ्यांबद्दलही कोणी बोलणार नव्हतं. नंतर कळलं की मी एकटी नव्हतेच. त्या वर्षात ज्यांनी ज्यांनी त्यांच्याकडून सीटा शिवून नेल्या, त्या सगळ्यांनी वाकड्या शिवणी पाहून 'उत्तम' म्हटलं होतं. अंगठा फिरवण्याची सवय त्यांनी मोडली नव्हती, पण बोटं तेवढी खडबडीत झाली होती, आणि मुख्य म्हणजे सगळे उत्तम म्हणत असताना स्वतःच्या अंगठ्यावर तरी विश्वास कोण ठेवणार?

खरं बोलले ते भटजी. त्यांच्या घोंगडीखालची सीट उसवली होती, ती सगुणबाबांनी शिवून दिली. भटजींनी सगळ्यांसमोर घोंगडी उचलली, नाकावरचा चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "सगुण, ही शिवण तुजी?"

"म्हजीच."

"वांकडी आसा."

सरिताने मला सांगितलं की सगुणबाब बराच वेळ त्या सीटवर हात ठेवून बसले. मग भटजींचे आभार मानत म्हणाले, "देव बरें करूं." त्या दिवशी त्यांनी दुपारचा चहा घेतला नाही.

म्हापशाच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डावा डोळा जवळजवळ गेला होता, उजव्यात जेवढं उरलं तेवढं थेंब घालून राखायचं होतं. हे त्यांनी मुकाट्याने ऐकून घेतलं. त्यांना मुकाट्याने घेता आलं नाही ते आमचं वागणं. दुसऱ्या दिवशी शाळेत फोन आला. "टीचर, शाळा सुटली काय गाडी घेवन ये." मला वाटलं, माझी सीट उसवायची असेल. मी गेले तर ते स्वच्छ सदरा घालून, हातात रापीची पिशवी घेऊन रस्त्यावर उभे. गाडीत बसले. मामाच्या त्या नव्या कोऱ्या सीटवर.

"तुका दिसली ना ती वांकडी शिवण?"

मी हो म्हटलं.

"पोरांचो काना चुकलो तर सोडटा तू?"

मला इतकी लाज आयुष्यात थोड्या वेळा वाटली असेल.

"वर्सभर हांव लोकांक वांकडें दितालों, आनी तुमी माका बरें म्हणटालात. डोळे म्हजे गेले तें देवाचें काम. हें तुमचें." मग पिशवी मांडीवर घेऊन म्हणाले, "चल. मोरजी पयली."

त्या वर्षात केलेली प्रत्येक गाडी त्यांना तोंडपाठ होती. पुढचे पंधरा दिवस, शाळा सुटली की मी त्यांना घेऊन फिरले. त्यांची एकच मागणी होती, माझी वाकडी शिवण परत द्या. आणि लोकांची भीड अशी की परत द्यायला कोणी तयार नव्हतं. मोरजीचा टॅक्सीवाला आम्हाला बघून दारातच आडवा आला. "सगुणबाब, गाडी भाड्याक गेल्या. विमानतळार."

सगुणबाब तेव्हा त्याच्याच गाडीच्या बॉनेटवर हात टेकून उभे होते. बॉनेटवर दोनदा थापटून ते म्हणाले, "मगे ही कितें, म्हस?"

एका घरात गाडीवर ताडपत्री टाकून वर भात वाळत घातला होता. एका ठिकाणी घरधनी म्हणाला की आपण गाडीत बसतच नाही, बायको बसते, तिला काही दिसत नाही. त्याची बायको मागून म्हणाली की दिसतं. वाळपईचे रामनाथशेट तेवढे सरळ बोलले; आता त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. "वांकडी आसा. माका पयल्या दिसाक दिसली. पूण म्हजे चलयेचें लग्न आसा, सांगलें आसतें तर तू परत उसवन बसतलो!"

"लग्न केन्ना?"

"पुढल्या म्हयन्यांत."

"मगे वेळ आसा," म्हणून सगुणबाबांनी पिशवी उघडली. शेटांनी कपाळाला हात लावला, पण या वेळी त्यांचे डोळे ओले झाले होते, आणि निघताना त्यांनी स्वतःच्या हाताने सगुणबाबांच्या पिशवीत जिलब्यांचा पुडा घातला.

एक एक करून गाड्या धारगळला आल्या. सगुणबाब उसवत. शिवायचं कोणी, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नव्हतं. पहिली सीट उसवून झाली, चामडं मोकळं झालं, आणि ते घेऊन ते मशीनशी बसले. दोरा ओवायला गेले. एकदा, दोनदा, पाचदा. मी तिथे होते, आणि मी बघत नसल्याचं नाटक करायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून बघत राहिले. शेवटी त्यांनी दोरा सरिताच्या हातात दिला. ओवून परत मागतील असं तिला वाटलं. ते स्टूल सोडून उठले आणि म्हणाले, "बस."

ती बसली. पहिली ओळ झाली, त्यांनी डोळे मिटून अंगठा फिरवला, शेवटपर्यंत नेला, परत आणला. "टांको बारीक आसा," ते म्हणाले. "ब्लाऊजाचो." सरिता उसवायला रापी घेऊ लागली, तर त्यांनी ती तिच्या हातातून काढून घेतली. "सरळ आसा गो. राव दी."

सगळ्यांत शेवटी राहिली ती माझी मॉरिस. खरं सांगायचं तर मी टाळत होते. आज परीक्षा, उद्या स्नेहसंमेलन, परवा टायर बसला. ती शिवण मला ठेवायची होती. त्यांच्या हातची शेवटची शिवण होती ती, आणि ती माझ्या गाडीत आहे याचा मला आतून एक प्रकारचा अभिमान वाटत होता. एका रविवारी त्यांनी सरिताकरवी निरोप पाठवला: टीचरला सांग, डोळे गेले तरी टाळाटाळ मला कळते. गाडी घेऊन ये.

मी गेले. उसवताना मी स्पष्टच सांगितलं की मला ही शिवण राहू द्यायची होती.

"कित्याक?"

"तुमची म्हणून."

"म्हजी?" ते हसले. "म्हजी सरळ आसता, टीचर." आणि रापीची धार त्यांनी टाक्याखाली घातली. दिसत तर फारसं नव्हतं, पण चामड्याला ओरखडा न काढता त्यांनी वरून खालपर्यंत टाके मोकळे केले, आणि मग दोऱ्याचं टोक धरून तो सबंध ओढून काढला. हातावर गुंडाळला, पायाशी टाकला. सरिताने दुपारपर्यंत सीट शिवून दिली. त्यांनी अंगठा फिरवला आणि म्हणाले, "जालें. आतां म्हजो वांकडो टांको खंयच ना." किती दिवसांनी त्यांचा चेहरा इतका मोकळा दिसला. आपल्याला ठेवायची होती ती गोष्ट किती क्षुद्र होती, हे मला तेव्हा कळलं.

निघताना ते नेहमीप्रमाणे माझ्याबरोबर बाहेर आले. शेडीतून गाडी उलटी काढावी लागते, थेट हायवेवर, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाची गाडी स्वतः रस्त्यावर काढून द्यायची ही त्यांची रीत. ते जाऊन कडेला उभे राहिले आणि हात वर केला. त्यांच्या मागे, त्यांना कळणार नाही अशा बेताने, सरिता उभी राहिली आणि तिनेही हात वर केला. मी कोणाच्या हाताकडे बघायचं ते तिने डोळ्यांनी सांगितलं.

मी इंजिन बंद केलं. काच खाली केली.

"सगुणबाब, तुमकां गाड्यो दिसनात. आनी सरिता तुमच्या फाटल्यान हात दाखयता."

सरिताने जीभ चावली. सगुणबाब मागे न वळता म्हणाले, "सरिता, भितर वच. चहा दवर." आणि माझ्याकडे, म्हणजे माझ्या जराशा डावीकडे बघत, "दिसना तें खरें. पूण आयकूंक येता मगे. चालू कर."

मी गाडी चालू केली. त्यांनी मान तिरकी केली. "ट्रक येता… गेलो. मोटारसायकल. फाटोफाट बस आसा, ती वचूं दी. तू आरसोय पळय गो, माका राग येवचो ना."

मी आरशात पाहिलं. ट्रक गेला, मोटारसायकल गेली, बस गेली. रस्ता लांबपर्यंत मोकळा दिसला तरी मी ब्रेकवर पाय ठेवून थांबले.

"हां," सगुणबाबांनी हात हलवला. "आतां येव दी."

आणि मग मी गाडी मागे घेतली.